सुरुवातीच्या अमेरिकेतल्या गिरण्या, कापूस आणि बाजार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत कारखानदारी आणि बाजारी भांडवलशाही कशी उभी राहिली, यावर वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. आधी प्राथमिक, मग अडचणीचे. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. "सुरुवातीची अमेरिका" म्हणजे नेमकी कोणती वर्षे?

साधारण १७९० ते १८६०. १७९० मध्ये रोड आयलंड राज्यात पॉटकेट इथे पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या यंत्रावर सूत निघाले. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले. या सत्तर वर्षांत शहरांत राहणाऱ्यांचे प्रमाण शंभरात पाचावरून शंभरात वीसवर गेले. म्हणजे १८६० मध्येसुद्धा पाचपैकी चार माणसे खेड्यात किंवा शेतावरच होती. या काळाचा विचार करताना धुराड्यांचे शहर डोळ्यांसमोर आणू नका. नदीकाठची चारपाच मजली विटांची इमारत आणि मैलभर पलीकडे शेते, हे चित्र जास्त खरे आहे.

२. खरेदी-विक्री तर आधीही चालायची. मग नवीन काय घडले?

आधीचा व्यवहार ओळखीवर चालायचा. न्यू इंग्लंडमधला (अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या राज्यांतला) शेतकरी शेजाऱ्याचा बैल दोन दिवस नेई, लोहाराकडून नांगराचा फाळ शेवटून घेई आणि हे सगळे वहीत डॉलर-सेंटमध्ये मांडी. फेड मात्र पैशात क्वचितच होई. सहा महिन्यांनी कोणी लाकडे द्यायचा, कोणी गवत कापून द्यायचा. अशा वह्यांतली येणी वर्षानुवर्षे तशीच पडून असत आणि त्यांवर बहुधा व्याजही लागत नसे. भाव वहीत होता, पण घाई नव्हती.

नवीन आली ती घाई. दुकानदाराला बॉस्टनच्या घाऊक व्यापाऱ्याचे पैसे नव्वद दिवसांत द्यायचे असत आणि त्या व्यापाऱ्याची हुंडी लिव्हरपूलमध्ये वटायची असे. त्यामुळे दुकानदार शेतकऱ्याकडे रोख मागू लागला, शेतकरी रोख देणारे पीक घेऊ लागला आणि घरात सूत कातणारी मुलगी रोख पगारासाठी गिरणीत गेली. मुदतीची तारीख घरात शिरली, तेव्हा बाजार घरात शिरला. यंत्रे त्यानंतरची गोष्ट आहे.

३. पहिली गिरणी सॅम्युएल स्लेटरची म्हणतात. त्याने इंग्लंडमधून यंत्राची चोरी केली हे खरे का?

इंग्लंडच्या कायद्याने पाहिले तर गुन्हाच होता. कापडाची यंत्रे, त्यांचे आराखडे आणि कसबी कारागीर, तिन्हींना देशाबाहेर जायला बंदी होती. स्लेटर डर्बीशरमधल्या बेल्परचा. जेडिदाया स्ट्रट हा पाण्यावर चालणारे कताईयंत्र काढणाऱ्या आर्कराइटचा भागीदार. त्याच्या गिरणीत स्लेटरने उमेदवारी केली आणि तो देखरेखीच्या कामापर्यंत चढला. १७८९ मध्ये तो कागदाचा एक कपटाही न घेता अमेरिकेला निघाला. जे काही होते ते डोक्यात होते.

पॉटकेटमध्ये मोझेस ब्राउन या व्यापाऱ्याने आर्कराइटच्या धर्तीची यंत्रे घेऊन ठेवली होती, पण ती चालत नव्हती. स्लेटरने ती बाजूला टाकून स्थानिक लोहार-सुतारांच्या मदतीने नवी बांधली. डिसेंबर १७९० मध्ये सूत निघाले. आजही पाहायला मिळणारी लाकडी गिरणी १७९३ ची.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. आराखडा हाती असूनही ब्राउनची यंत्रे बंद पडली होती, कारण पिंजणयंत्राच्या दातांचा कोन, पेळूचा ताण आणि रुळांमधले अंतर हे कागदावर नीट उतरत नाही. ते हाताला माहीत असावे लागते. म्हणून इंग्लंडला यंत्रापेक्षा माणूस बाहेर जाण्याची धास्ती जास्त होती.

४. रोड आयलंडची पद्धत आणि लोवेलची पद्धत यांत फरक काय?

स्लेटरच्या गिरणीत फक्त सूत निघे. विणकाम गावोगावच्या हातमागांवर वाटून दिले जाई. कामाला सुरुवातीची नऊ मुले ७ ते १२ वर्षांची होती. पुढे अख्खी कुटुंबे कामावर ठेवली गेली. बापाशी करार, कामाला पोरे, राहायला मालकाचे घर आणि मजुरीचा मोठा भाग मालकाच्याच दुकानात वळता. गिरण्या लहान, मालकी भागीदारीची.

फ्रान्सिस कॅबट लोवेल हा बॉस्टनचा व्यापारी. १८१० ते १८१२ इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये राहून त्याने यंत्रमाग पाहून घेतला. परतल्यावर पॉल मूडी या कारागिराच्या मदतीने तो पुन्हा बांधला. १८१३ मध्ये बॉस्टन मॅन्युफॅक्चरिंग कंपनीला सनद मिळाली आणि चार्ल्स नदीवर वॉल्थममध्ये १८१४ मध्ये गिरणी सुरू झाली. कापूस एका दारातून आत, तयार कापड दुसऱ्या दारातून बाहेर. सगळे टप्पे एका छपराखाली. माल एकाच जातीचा: ३७ इंच पन्ह्याचा, १४ नंबरच्या सुताचा जाड, न धुतलेला मांजरपाट. नाजूक कापडात इंग्लंडशी टक्कर घ्यायचीच नाही असे ठरवून ठेवले होते, आणि तोच त्यांचा सगळ्यात शहाणा निर्णय होता. जाड सूत कमी तुटते, त्यामुळे नवशिक्या हातांनीही माग चालतो.

या कापडाचा वाराचा भाव १८१६ मध्ये ३० सेंट होता, १८२६ मध्ये १३, १८२९ मध्ये साडेआठ आणि १८४३ मध्ये साडेसहा. घरच्या चरख्याचे काय झाले हे या चार आकड्यांत कळते.

लोवेल १८१७ मध्येच वारला. त्याच्या नावाचे गाव नंतर त्याच्या भागीदारांनी मेरिमॅक नदीकाठी वसवले. तिथली पहिली कंपनी १८२२ ची, पहिले कापड १८२३ चे. १८२६ मध्ये अडीच हजारांच्या आसपास असलेली वस्ती १८५० मध्ये ३३ हजारांवर गेली.

५. लोवेलमध्ये "पाणी विकत" म्हणजे काय? पाण्याचे मोजमाप कसे करत?

लोवेलचे खरे भांडवल होते पॉटकेट धबधब्याची सुमारे ३२ फुटांची उडी. (हे मेरिमॅकवरचे पॉटकेट, स्लेटरचे रोड आयलंडमधले गाव वेगळे. वाचकांची इथे नेहमी गल्लत होते.) धबधब्याला वळसा घालून होड्या नेण्यासाठी १७९० च्या दशकात एक कालवा खणलेला होता. बॉस्टनच्या मंडळींनी त्या कालवा कंपनीचे भाग घेतले, आसपासची शेते घेतली आणि कालवा गिरण्यांकडे वळवला.

पुढे ही कालवा कंपनी जमीन आणि पाणी जोडीने भाड्याने देऊ लागली. एकक होते "मिल पॉवर": ३० फूट उंचीवरून दर सेकंदाला २५ घनफूट पाणी. आकडा कुठून आला? वॉल्थमच्या दुसऱ्या गिरणीत ३,५८४ चात्या होत्या; तेवढ्या चात्या आणि त्यांच्या जोडीची सगळी यंत्रे चालवायला लागेल तेवढे पाणी म्हणजे एक मिल पॉवर. आकडेमोड करून पाहा: २५ घनफूट पाण्याचे वजन १,५६० पौंड, गुणिले ३० फूट, भागिले ५५० (सेकंदाला ५५० फूट-पौंड म्हणजे एक अश्वशक्ती). कागदावर साधारण ८५ अश्वशक्ती. चाकात आणि पट्ट्यांत गळती होऊन यंत्रापर्यंत त्याहून कमी पोचे.

अडचणी तीन प्रकारच्या. उन्हाळ्यात नदी आटली की पाणी पुरत नसे, आणि एखादी गिरणी आपल्या वाट्याहून जास्त ओढू लागली की खालच्या पातळीवरच्या गिरणीचे चाक मंदावे. हिवाळ्यात बर्फाचे तुकडे जाळीत अडकत. आणि पूर आला की नदीचे पाणी उलटे चढून चाकाचा खालचा भाग बुडे. वरून भरपूर पाणी असूनही चाक पाण्यातच फिरत राही आणि गिरणी बंद पडे. हे ऐकायला उफराटे वाटते, पण शक्ती पाण्याच्या साठ्यातून येत नाही, वरच्या आणि खालच्या पातळीतल्या फरकातून येते. बुडालेल्या चाकातही फिरणारे टर्बाइन त्यामुळे मोलाचे ठरले. कालव्यांचा मुख्य अभियंता जेम्स फ्रान्सिस याने १८४० च्या दशकाअखेर सुधारलेल्या टर्बाइनची कार्यक्षमता ८८ टक्क्यांपर्यंत गेली. आजही जलविद्युत केंद्रांत "फ्रान्सिस टर्बाइन" हे नाव ऐकू येते, ते याच माणसाचे.

याच फ्रान्सिसने १८५० मध्ये कालव्याच्या तोंडाशी अवजड लाकडी दरवाजा टांगून ठेवला. लोक त्याला वेड्यात काढत होते. १८५२ च्या पुरात तो सोडला आणि गाव वाचले.

६. गिरणीच्या आत काम कोणत्या क्रमाने चाले आणि बिघाड कुठे होई?

गासडी फोडून कापूस झोडणे, पिंजणे, पेळू करणे, पेळू एकत्र ओढून सारखे करणे, हलका पीळ देणे, कातणे, ताणा भरणे, ताण्याला खळ लावणे, ताण्याचा प्रत्येक धागा वयीतून आणि फणीतून ओवणे, विणणे, शेवटी कापड तपासून घडी. जड आणि हादरणारी पिंजणयंत्रे बहुधा खालच्या मजल्यावर, त्यावर कताई, वरच्या मजल्यांवर माग आणि खळखाते.

बिघाडाचे मूळ बहुतेक वेळा हवेत असे. हवा कोरडी झाली की सूत ठिसूळ होऊन तटातट तुटते. म्हणून ऐन उन्हाळ्यातही खिडक्या बंद ठेवत. आतल्या हवेत रुईचे तंतू, दिव्यांच्या तेलाचा धूर आणि दमटपणा, आणि त्यात दिवसाचे बारा तास. गिरणगावात ज्यांनी साचेखाते पाहिले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

दुसरी अडचण शक्ती वाटण्याची. इंग्लंडमध्ये उभ्या दांड्याने आणि दातेरी चाकांनी शक्ती वरच्या मजल्यांवर नेत. अमेरिकेत दाते अचूक कापणारे कारागीर कमी आणि चामडे मुबलक, म्हणून १८२० च्या दशकाअखेर मूडीने रुंद चामडी पट्टे वापरले. पट्टा आवाज कमी करतो, आणि यंत्र अडकले तर नुसता घसरतो. दातेरी चाक असते तर दाते तुटले असते. पण उघडा फिरणारा पट्टा केस आणि झगा ओढून घेतो. अपघातांचे हे मोठे कारण होते.

इमारतीचा दोषही जिवावर बेते. मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स गावी पेम्बर्टन गिरणी १० जानेवारी १८६० ला कोसळली आणि किमान ८८ माणसे गेली. ओतीव लोखंडाचे खांब सदोष होते. एका बाजूला भिंत जाड आणि दुसरीकडे पातळ. ओतकामात गाभा सरकला की असे होते, आणि बाहेरून ते दिसत नाही.

७. गिरण्यांत शेतकऱ्यांच्या मुलीच का घेतल्या? त्यांना हातात काय मिळे?

पुरुषांना पश्चिमेला जमीन मिळत होती. ते गिरणीच्या पगारात येत नव्हते. मुलींचे घरचे सूत-विणकाम मात्र स्वस्त कापडाने निरुपयोगी ठरत होते (प्रश्न ४ मधले भाव पाहा). त्यामुळे पंधरा ते तीस वयाच्या मुली मोकळ्या होत्या. आईबापांची खात्री पटावी म्हणून कंपनीने खानावळी बांधल्या: विधवा किंवा प्रौढ बाई सांभाळणारी, रात्री दहाला दार बंद, चर्चला जाणे सक्तीचे.

१८३० च्या दशकातला ठोकळ हिशेब असा: आठवड्याला तीन ते साडेतीन डॉलर मजुरी, त्यातून सव्वा डॉलर खानावळीचा. उरले सुमारे दोन. आठवड्याचे काम ७३ तासांच्या आसपास. उन्हाळ्यात पहाटे पाचला घंटा आणि संध्याकाळी सातला सुट्टी. न्याहारी आणि जेवण प्रत्येकी अर्ध्या तासात, त्यात खानावळीपर्यंत जाऊन येणेही आले.

हा पगार शिक्षिकेच्या किंवा घरकाम करणाऱ्या मुलीच्या मिळकतीपेक्षा चांगला होता आणि तो त्यांच्या स्वतःच्या नावावर मिळे. कोणी भावाच्या शिक्षणाला पाठवी, कोणी बापाचे कर्ज फेडी, कोणी बँकेत ठेवी. १८४० मध्ये निघालेल्या मासिकात त्यांनी लेख लिहिले आणि १८४२ पासून ते स्वतः चालवले. हा मोकळेपणा खरा होता, आणि पिळवणूकही खरी होती. एक सांगण्यासाठी दुसरे लपवायची गरज नाही.

सोडून जाताना मात्र कंपनीचे प्रमाणपत्र लागे: निदान एक वर्ष नोकरी आणि दोन आठवड्यांची सूचना. ते नसेल तर लोवेलमधली दुसरी कोणतीही कंपनी कामावर घेत नसे, कारण बहुतेक कंपन्यांचे भागधारक तेच ते होते.

८. त्यांनी संप केले का? यश आले का?

फेब्रुवारी १८३४ मध्ये मजुरीकपातीविरुद्ध सुमारे ८०० जणी बाहेर पडल्या. संप काही दिवसांत मोडला. ऑक्टोबर १८३६ मध्ये खानावळीचा दर वाढला तेव्हा सुमारे दीड हजार जणी निघाल्या आणि काही ठिकाणी वाढ मागे घेतली गेली. फरकाचे कारण साधे होते: १८३६ मध्ये मालाला मागणी तेजीत होती आणि हात कमी पडत होते.

१८४० च्या दशकात मालकांनी यंत्रांचा वेग वाढवला आणि दोन मागांऐवजी तीन-चार माग एकीच्या गळ्यात घातले. जास्त माल काढणाऱ्या खातेप्रमुखाला बक्षीस होते. सारा बॅगले आणि तिच्या साथीदारांनी दहा तासांच्या दिवसासाठी हजारो सह्या विधिमंडळाकडे पाठवल्या. १८४५ च्या समितीने साक्षी ऐकून घेतल्या आणि हे कायद्याचे काम नाही असे म्हणून हात झटकले. मॅसॅच्युसेट्सने स्त्रिया आणि मुलांसाठी दहा तासांचा कायदा केला तो १८७४ मध्ये. तोवर या मुलींच्या जागी बहुतांशी आयरिश स्थलांतरित आले होते.

९. कापसाच्या जिनने (सरकी काढण्याच्या यंत्राने) कष्ट कमी केले, मग गुलामगिरी वाढली कशी?

किनाऱ्यालगतच्या बेटांवर होणाऱ्या लांब धाग्याच्या कापसाची सरकी गुळगुळीत असते. आपल्याकडच्या चरकीसारख्या दोन रुळांच्या साधनाने ती सुटते. आतल्या जमिनीत मात्र आखूड धाग्याचा कापूस येई, त्याची हिरवट सरकी रुईला घट्ट चिकटते. हाताने दिवसाला जेमतेम एक पौंड रुई निघे. एली व्हिटनीच्या यंत्रात (१७९३, पेटंट मार्च १७९४) तारेचे दात जाळीतून रुई ओढत, सरकी जाळीत अडकून खाली पडे आणि उलट फिरणारा ब्रश दात साफ करी. काम सुमारे पन्नास पट झाले.

कष्ट वाचले ते सरकी काढण्याचे. लागवड, खुरपणी आणि वेचणी हातानेच राहिली. मधली अडचण दूर झाल्यावर जॉर्जियापासून टेक्सासपर्यंत जेवढी जमीन तेवढा कापूस, आणि जेवढा कापूस तेवढे हात. १७९० मध्ये गुलाम सुमारे सात लाख होते, १८६० मध्ये चाळीस लाखांच्या घरात. १८०८ पासून बाहेरून माणसे आणायला बंदी होती, म्हणून व्हर्जिनिया-मेरीलँडमधून सुमारे दहा लाख माणसे दक्षिणेला आणि पश्चिमेला हलवली गेली, काही मालकांबरोबर, पुष्कळ विक्रीने. नवरा एका राज्यात, बायको दुसऱ्या, मूल तिसऱ्या.

व्हिटनीला स्वतःला यात फारसे मिळाले नाही. तो आणि त्याचा भागीदार यंत्र न विकता पाचातला दोन भाग कापूस मागत होते. शेतमालकांनी यंत्राची नक्कल करून घेतली.

१०. उत्तरेत मुक्त मजुरी आणि दक्षिणेत गुलामगिरी, अशा दोन वेगळ्या अर्थव्यवस्था होत्या ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि आमचे उत्तर "नाही" असे आहे. एका गासडीचा माग काढा.

मिसिसिपीतला मळेवाला पेरणीआधी न्यू ऑर्लिन्सच्या अडत्याकडून उचल घेतो: डुकराचे खारवलेले मांस, अवजारे, कापड. तारण येणाऱ्या पिकाचे, आणि पुष्कळदा गुलाम माणसांचेच. त्या माणसांचे गहाणखत होत असे. लुईझियानातल्या मळेवाल्यांच्या बँकेने अशा गहाणांच्या पाठबळावर रोखे काढले आणि ते युरोपात विकले. कापूस आला की अडत्या आपली अडत, साधारण अडीच टक्के, कापून विकतो. गासडी न्यू यॉर्कच्या किंवा बॉस्टनच्या जहाजात चढते, विमा उत्तरेकडच्या कंपनीचा. बराच कापूस लिव्हरपूलला जातो, काही लोवेलला. आणि त्यातूनच जाडेभरडे, खरखरीत कापड विणून पुन्हा मळ्यावर पाठवले जाते, गुलामांच्या अंगावर घालायला. रोड आयलंडमधल्या कित्येक गिरण्या मुख्यत्वे याच मालावर चालत.

त्या कापडाच्या एका तुकड्यात दोन्ही प्रदेश आहेत. लोवेलच्या काही कामकरी मुलींना हे दिसत होते. गुलामगिरीविरोधी अर्जांवर त्यांनी सह्या केल्या आहेत.

पण उलट्या टोकालाही जाऊ नये. १८६० मध्ये निर्यातीच्या निम्म्याहून अधिक किंमत कापसाची असली, तरी देशाच्या एकूण उत्पन्नात त्याचा वाटा एक आकडी टक्क्यांतच होता. पीठगिरण्या, लाकूडकाम, जोडे, लोखंड यांची बाजारपेठ मोठ्या प्रमाणात उत्तरेतल्या शेतकऱ्यांचीच होती. "सगळे कापसामुळे" हे वाक्य जितके चुकीचे, तितकेच "कापसाशी संबंध नाही" हेही.

११. गिरण्यांना भांडवल कुठून आले? कंपनी काढणे सोपे होते का?

बॉस्टनच्या गटाचा पैसा समुद्री व्यापारातला: चीनचा चहा, कलकत्त्याचे कापड. १८०७ ची व्यापारबंदी आणि १८१२ चे युद्ध यांनी जहाजे बंदरात अडकली, तेव्हा तोच पैसा गिरणीकडे वळला. वॉल्थम कंपनीला चार लाख डॉलर भांडवलाची परवानगी होती. सुरुवात एक लाखाने झाली.

कंपनीला राज्याच्या विधिमंडळाची खास सनद लागे, प्रत्येकीला वेगळी. न्यू यॉर्कने १८११ मध्ये सर्वसाधारण कायदा करून वाट सोपी केली, पण मर्यादा एक लाख डॉलर आणि वीस वर्षे. "मर्यादित जबाबदारी" सुरुवातीपासून होती हा सर्रास गैरसमज आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये १८३० पर्यंत कारखान्याच्या कर्जासाठी भागधारकाचे घरदारही पणाला लागू शकत होते.

न्यायालयांनी आधी एक दिशा घेतली, मग तिला मुरड घातली. डार्टमथ कॉलेजच्या निकालाने (१८१९) सनद हा करार ठरला, राज्याला तो एकतर्फी बदलता येईना. चार्ल्स रिव्हर पुलाच्या निकालाने (१८३७) सांगितले की सनदेत स्पष्ट लिहिलेले नसेल तर मक्तेदारी गृहीत धरता येणार नाही. शेजारी दुसरा पूल बांधता येईल.

१२. प्रत्येक बँकेची वेगळी नोट असे म्हणतात. मग व्यवहार कसा होई?

कटकटीने होई. १८६० मध्ये राज्यांच्या सनदा असलेल्या सुमारे दीड हजार बँका होत्या आणि प्रत्येकीच्या नोटा निरनिराळ्या. नोट म्हणजे "दाखवल्यास सोने-चांदी देऊ" असे वचन. बँक जितकी दूर, जितकी अनोळखी, तितका वटाव (दर्शनी किमतीतली कपात) जास्त. दुकानदार गल्ल्याशेजारी नोटांची माहितीपत्रिका ठेवी; तिच्यात कोणत्या बँकेवर किती टक्के वटाव, कोणती बुडाली आणि खोट्या नोटेची खूण कोणती हे छापलेले असे. मजुराला पगार अशा नोटांत मिळाला की वटावाचा तोटा त्याच्या माथी.

न्यू इंग्लंडमध्ये बॉस्टनच्या सफोक बँकेने यावर उपाय काढला: खेड्यातल्या बँकांनी तिच्याकडे ठेव ठेवायची, मग ती त्यांच्या नोटा दर्शनी किमतीला घेणार. ठेव नाकारणाऱ्या बँकेच्या नोटा गोळा करून एकदम वटवायला पाठवल्या जात, म्हणून बहुतेक बँका वठणीवर आल्या.

दुसरे टोक मिशिगनचे. १८३७ च्या कायद्याने तिथे कोणालाही बँक काढता येऊ लागली. तपासनीस एका बँकेतून निघाला की नाण्यांच्या पेट्या आडवाटेने पुढच्या बँकेत त्याच्या आधी पोचत. काही पेट्यांत वर नाणी आणि खाली खिळे निघाले.

१३. ईरी कालव्याने नेमके काय बदलले?

वाहतुकीचा दर. बफेलो ते न्यू यॉर्क टनाला सुमारे १०० डॉलर पडत ते १० च्या खाली आले. वीस दिवसांचा प्रवास आठवर आला. काम १८१७ ते १८२५. लांबी ३६३ मैल, रुंदी ४० फूट, खोली अवघी ४ फूट, चढउतारासाठी ८३ लॉक (पाण्याची पातळी वरखाली करणारे दरवाज्यांचे कप्पे), खर्च सुमारे ७० लाख डॉलर. पैसा न्यू यॉर्क राज्याने रोखे काढून उभा केला, कारण एवढी जोखीम घ्यायला खासगी पैसा तयार नव्हता. पश्चिमेचा गहू पूर्वेला स्वस्त झाला, न्यू इंग्लंडच्या खडकाळ शेतांना तो परवडेना, आणि तिथल्या मुली गिरणीकडे निघाल्या (प्रश्न ७).

१४. अमेरिकन उद्योग मुक्त व्यापारावर वाढला, की संरक्षणावर?

संरक्षणाचा वाटा मोठा, आणि त्याचा थेट फटका हिंदुस्थानी विणकराला बसला. १८१६ च्या जकात कायद्यात सुती कापडावर २५ टक्के शुल्क होते. त्यात एक पाचर होती: कापडाचा भाव कितीही कमी असला तरी चौरस वाराला तो किमान २५ सेंट आहे असे धरायचे. म्हणजे शुल्क सव्वासहा सेंटांच्या खाली येणारच नाही. महाग इंग्रजी कापडाला हे जाणवत नव्हते. पण वाराला ९ सेंटांच्या जाड हिंदुस्थानी कापडावर तेच शुल्क सुमारे ७० टक्के पडते. लोवेलने वॉशिंग्टनला जाऊन या तरतुदीसाठी खटपट केली होती. ज्या कलकत्त्याच्या कापडावर बॉस्टनचे व्यापारी गब्बर झाले (प्रश्न ११), त्याच मालाची वाट त्यांनी अशी बंद केली.

पुढे लोवेल-सेलमचे (हे सेलम मॅसॅच्युसेट्समधले बंदर) जाड कापड पूर्व आफ्रिकेत पोचले. झांझिबारच्या बाजारात ते "मेरिकानी" नावाने ओळखले जाई आणि तिथेही हिंदुस्थानी कापडाची जागा त्याने घेतली.

१५. १८१९ आणि १८३७ ची मंदी एकसारखीच होती का?

मूळ सारखे: उधारी आणि कापसाचा भाव. तपशील वेगळे. १८१९ मध्ये सरकारी जमीन चौथा हिस्सा रोख आणि बाकी चार वर्षांत या बोलीवर विकली जात होती. कापसाचा भाव पडला, सेकंड बँकेने (केंद्र सरकारची सनद असलेल्या राष्ट्रीय बँकेने) कर्जे परत मागितली, आणि जमीन घेणारे बुडाले. १८२० मध्ये उधारीची विक्री बंद झाली. एकराचा किमान भाव सव्वा डॉलर, पूर्ण रोख.

१८३७ च्या आधी अध्यक्ष जॅक्सनने सेकंड बँकेची मुदतवाढ नाकारली (१८३२), सरकारी ठेवी राज्यांतल्या बँकांत गेल्या आणि जमिनीचा सट्टा भडकला. जुलै १८३६ मध्ये जमीन सोन्या-चांदीतच घ्यायचा हुकूम निघाला. त्याच सुमारास बँक ऑफ इंग्लंडने व्याजदर वाढवला आणि कापूस उतरला. १० मे १८३७ ला न्यू यॉर्कच्या बँकांनी नाणे देणे थांबवले. १८४० च्या दशकाच्या आरंभी आठ राज्यांनी आपल्या रोख्यांवरचे पैसे थकवले. जॅक्सन एकट्याने हे घडवले असे म्हणणे सोपे आहे, पण लंडनचा दर विसरून चालत नाही.

१६. सुटे भाग अदलाबदल करता येणाऱ्या बंदुका व्हिटनीने प्रथम बनवल्या, हे बरोबर का?

नाही. १७९८ मध्ये त्याने दहा हजार बंदुकांचे कंत्राट दोनेक वर्षांच्या बोलीवर घेतले. शेवटची खेप १८०९ मध्ये दिली. त्याच्या बंदुका पुढे तपासल्या तेव्हा भाग एकमेकांत बसले नाहीत. खरे काम सरकारी शस्त्रशाळांत झाले: स्प्रिंगफील्ड, आणि हार्पर्स फेरीत जॉन हॉल, १८२० च्या दशकात. पद्धत अशी: एक नमुना, त्यावरून मापपट्ट्या, आणि प्रत्येक भाग मापपट्टीत बसेपर्यंत घासणे. थॉमस ब्लँचर्डच्या लेथने लाकडी दस्ता नमुन्यावरून आपोआप कोरला जाऊ लागला. हे सुरुवातीला महागच होते. बाजाराने हा खर्च केला नसता. सैन्याने केला, आणि तिथले कारागीर पुढे घड्याळे आणि शिवणयंत्रांकडे गेले.

१७. कारखाने आल्यावर घरबसल्या काम लगेच संपले का?

कताईचे संपले, बाकीचे उलट वाढले. मॅसॅच्युसेट्समधल्या लिनमध्ये जोड्याचे चामडे दुकानात कापत, वरचा भाग बायका घरी शिवत, तळ पुरुष छोट्या खोपटांत ठोकत. १८५० च्या दशकात शिवणयंत्र आले तेव्हा बायकांचे काम कारखान्यात गेले, आणि १८६० मध्ये तिथे मोठा संप झाला. वाफेचेही तसेच: न्यू इंग्लंडमध्ये पाणी स्वस्त होते म्हणून तिथे वाफ उशिरा आली, पिट्सबर्गला कोळसा पायाशी होता म्हणून लवकर.

१८. या सगळ्याचा महाराष्ट्राशी काही खरा संबंध आहे का?

चार ठिकाणी आहे. १८३४ पासून बॉस्टनजवळच्या तळ्यांतला बर्फ भुशात बांधून फ्रेडरिक ट्यूडरच्या व्यापारातून मुंबईत येऊ लागला. १८४० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अमेरिकेतून दहा कापूसमळेवाले आणले. त्यांचे न्यू ऑर्लिन्सचे बियाणे बहुतेक ठिकाणी फसले, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या धारवाडला रुजले. रोड आयलंडच्या जॉन थॉर्पने १८२८ मध्ये पेटंट घेतलेली रिंग कताई नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी १८८० च्या दशकात आणली, लँकेशर अजून तिच्याकडे संशयाने पाहत असताना.

चौथा संबंध सगळ्यात मोठा. ब्रिटनचा चारपैकी तीन भागांहून अधिक कापूस अमेरिकेतून येत होता. १८६१ मध्ये युद्ध पेटले, दक्षिणेच्या बंदरांना वेढा पडला आणि लिव्हरपूल खानदेश, वऱ्हाड, गुजरातकडे वळले. मुंबईत पैसा ओतला गेला, समुद्र हटवण्याच्या कंपन्यांचे भाग गगनाला भिडले आणि १ जुलै १८६५ च्या वायद्याचे सौदे झाले. ९ एप्रिलला दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला. बातमी मुंबईत पोचली, कापूस कोसळला, आणि १ जुलैला देणेकऱ्यांकडे द्यायला काही उरले नव्हते.